चार्जरचा नकाशा, रुग्णालयाचा नकाशा आणि मधली तार

नकाशावाचक

सरकारी आराखडे वाचायची खोड मला नोकरीत लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. गेले काही महिने दोन प्रकारचे आराखडे आलटूनपालटून वाचतोय, निरनिराळ्या देशांचे. एक विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगचे आणि दुसरे नव्या रुग्णालयांच्या जागांचे. वरवर पाहता या दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण दोन्हीकडे खोट एकच निघाली, म्हणून हा धागा.

दोन्हीकडे ठिपके मोजतात. इतके चार्जर, इतक्या खाटा, इतक्या अंतरावर एक. नकाशा ठिपक्यांनी भरला की काम फत्ते. माणूस तिथे पोचेल तेव्हा ते ठिकाण चालू असेल का, मोकळं असेल का, हे नकाशा सांगत नाही. मंजूर भार (वीज कंपनीने मान्य केलेली विजेची मर्यादा) नसलेला चार्जर म्हणजे रंगवलेला खोका आणि परिचारिका नसलेली खाट म्हणजे फर्निचर. मोजणीत मात्र दोघंही 'एक'.

नियम कसे लिहितात ते बघा. भारत सरकारच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली म्हटलं की शहरात ३ किमी बाय ३ किमीच्या प्रत्येक चौकोनात किमान एक चार्जिंग स्टेशन हवं आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किमीला एक. चौकोनाच्या मध्यावरून कोपरा २.१ किमी पडतो, म्हणजे अंतराचा प्रश्न कागदावर तरी मिटला. अमेरिकेने २०२१च्या कायद्यात महामार्गांसाठी ५ अब्ज डॉलर ठेवले, दर ५० मैलांना एक ठिकाण, तिथे किमान ४ गन (गाडीला जोडायच्या चार्जिंगच्या नळ्या), प्रत्येकी १५० किलोवॅट. युरोपीय संघाचा २०२३चा नियम मला त्यातल्या त्यात शहाणा वाटतो. त्यात मुख्य रस्त्यांवर दर ६० किमीला चार्जिंग आहेच, पण शिवाय असंही म्हटलंय की देशात नोंदलेल्या प्रत्येक बॅटरीवाल्या गाडीमागे १.३ किलोवॅट सार्वजनिक चार्जिंग क्षमता हवी. म्हणजे मोजायचे ते किलोवॅट, खांब नव्हेत. गाड्या वाढल्या की जबाबदारी आपोआप वाढते.

रुग्णालयांकडेही हीच गंमत. अमेरिकेत १९४६च्या हिल-बर्टन कायद्याने दर हजार माणसांमागे ४.५ खाटा असं माप धरलं. भारतात सपाट भागात ३०,००० लोकसंख्येला आणि डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. मापं वाईट नाहीत, काहीच नसण्यापेक्षा बरीच. पण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने २०१५ साली प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि उघड्या अस्थिभंगावरचा उपचार, या तीन गोष्टी दोन तासांच्या आत किती लोकांना मिळतात? २०३० पर्यंत ८० टक्के लोकांना मिळाव्यात असं त्यांचं लक्ष्य. या प्रश्नात रस्ता आला, रुग्णवाहिका आली, भूलतज्ज्ञ आला, रात्रीची वीजही आली. नुसत्या ठिपक्याला तिथे गुण नाहीत.

वीज, रुग्णालय, नगररचना यांपैकी कशातही काम केलेले इथे असतील तर त्यांनी लिहावं. मी कागदावरचा माणूस, प्रत्यक्षातलं तुम्ही सांगा.

---

तिरकस

जागा कशी निवडायची हे अकराशे वर्षांपूर्वीच ठरलंय. बगदादमध्ये रुग्णालय कुठे बांधायचं असं अल-राझी या वैद्याला विचारलं, तेव्हा त्याने म्हणे शहरात ठिकठिकाणी मांसाचे तुकडे टांगले आणि जिथला तुकडा सगळ्यात उशिरा नासला ती जागा निवडली. दंतकथा असेल. पण सल्लागार कंपनीच्या तीनशे पानांपेक्षा पद्धत स्वस्त आणि मुदतीत पूर्ण होणारी.

---

नकाशावाचक

@तिरकस, हसलो. पण त्याने निदान एक तरी गोष्ट प्रत्यक्ष मोजली. मी वाचलेल्या काही आराखड्यांत जागेचं समर्थन एका ओळीत होतं: 'सदर जमीन शासनाच्या ताब्यात उपलब्ध आहे.'

---

भूमितीवेडा

नियोजनाचं गणित शिकवतो म्हणून दोन शब्द.

सोयी कुठे ठेवाव्यात यावरचा १९६४ सालचा हकीमीचा निबंध प्रसिद्ध आहे. तो मूळचा टेलिफोनसारख्या जाळ्यातली स्विचिंग केंद्रं कुठे असावीत यावर होता. सगळ्यांचं मिळून अंतर कमीत कमी व्हावं असं एक केंद्र निवडायचं, तर ते रस्त्याच्या अधेमधे शोधत बसू नका, जाळ्याच्या एखाद्या सांध्यावरच चांगली जागा मिळते, हे त्याने सिद्ध केलं. पुढे १९७४ मध्ये चर्च आणि रेव्हेल यांनी प्रश्न फिरवला: हातात इतकीच केंद्रं आहेत, तर ठरलेल्या अंतरात जास्तीत जास्त माणसं कशी बसवायची?

दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात, पण उत्तरं निराळी येतात, आणि कोणता प्रश्न सोडवायचा हा निर्णय राजकीय असतो. सरासरी कमी करायला गेलात की केंद्रं दाट वस्तीकडे ओढली जातात आणि कोपऱ्यातल्या वाडीचा रुग्ण आणखी लांब पडतो. जास्तीत जास्त माणसं बसवायची म्हटलं तर ती वाडी सरळ यादीतूनच गळू शकते. आणि सगळ्यात लांबच्या माणसाचं अंतर कमी करायचं म्हटलं तर शहरवाले बोंब मारतात की आमच्याकडे रांगा आहेत. आराखड्यात 'शास्त्रीय पद्धतीने जागानिश्चिती' असं लिहिलेलं असतं. कोणत्या पद्धतीने, ते विचारा. तिथेच सगळं ठरलेलं असतं.

आता रांगेचं. तेही टेलिफोनमधूनच आलं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता, त्याने १९१७ मध्ये सूत्रं दिली: लाइन किती ठेवल्या तर फोन करणाऱ्याला थांबावं लागणार नाही. तीच सूत्रं आज खाटांना लागतात आणि चार्जरनाही. मी वर्गात देतो ते उदाहरण: प्रत्येक चार्जर निम्मा वेळ व्यग्र आहे असं धरा, गाड्या आपापल्या मर्जीने येतात, चार्जिंगला लागणारा वेळ कमीजास्त. एकटा चार्जर असेल तर येणाऱ्याला थांबावं लागण्याची शक्यता ५० टक्के. दोन शेजारी शेजारी ठेवले तर ३३. चार ठेवले तर १७. आठ ठेवले तर ६.

प्रत्येक खांबावरचा भार तोच आहे, हे लक्षात घ्या. फरक फक्त एकत्र ठेवण्याचा. म्हणून ३ बाय ३ च्या प्रत्येक चौकोनात एकेक खांब वाटून देणं दिसायला न्याय्य आणि वापरायला त्रासदायक.

---

शंकेखोर

मग सगळं एकाच ठिकाणी आणा की. एक अवाढव्य रुग्णालय, एक अवाढव्य चार्जिंग केंद्र. वाडीवाल्यांनी काय करायचं?

---

भूमितीवेडा

तोच तर पेच आहे. एकत्र आणलं की रांग घटते, अंतर वाढतं. लंडनने २०१० मध्ये पक्षाघातासाठी हा सौदा डोळे उघडे ठेवून केला. आधी बरीच रुग्णालयं असे रुग्ण घेत होती, ती संख्या कमी करून ८ विशेष केंद्रं ठेवली आणि रुग्णवाहिकेने जवळचं रुग्णालय ओलांडून तिथे जायचं असं ठरलं. मृत्यू कमी झाले. पण एक अट होती: शहरात कुठूनही ३० मिनिटांत पोचता येईल अशा बेताने ती ८ ठिकाणं निवडलेली होती. तोच नमुना विरळ वस्तीच्या भागात उचलून नेला तर अंगाशी येईल.

खाटांबाबत एक भर. १९९९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यातून '८५ टक्के' हा आकडा जगभर पसरला. सरासरी ८५ टक्क्यांच्या वर खाटा भरलेल्या असतील तर खाट न मिळण्याचे प्रसंग दिसू लागतात, ९० च्या वर ते नेहमीचेच होतात. पण तो आकडा दोनेकशे खाटांच्या रुग्णालयाचं गणित मांडून आला होता. वीस खाटांच्या रुग्णालयाने ८५ टक्के भरलेलं राहायचं ठरवलं तर एर्लांग त्याला सोडणार नाही. लहान ठिकाणी मोकळ्या खाटा जास्त ठेवाव्याच लागतात, आणि लेखापरीक्षक त्यालाच 'कमी वापर' म्हणतो.

---

रात्रपाळी

मी परिचारिका, एकवीस वर्षं झाली. धागाकर्त्यांचं 'खाट म्हणजे फर्निचर' हे वाक्य आमच्या मेट्रनबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, फर्निचर निदान मागणी करत नाही.

गणित कळलं नाही, पण चार्जिंगबद्दल मला बोलायचंय. मी पूर्वी ज्या रुग्णालयात होते तिथे वाहनतळात चार्जर बसवले. मोठे, जलद. उद्घाटन झालं, फोटो झाले. जलद चार्जरवर गाडी तासाभरात भरते आणि मग ती काढावी लागते, नाहीतर मिनिटावर दंड. आता मला सांगा, मी अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या दोन रुग्णांना सोडून गाडी काढायला खाली जाऊ? आमच्यातल्या एकीने एकदा दंड भरला, नंतर तिकडे फिरकली नाही. ते चार्जर मग बाहेरच्या गाड्यांनी भरलेले असायचे आणि त्यांच्या रांगेने रुग्णवाहिकेची वाट अडायची.

आमची गाडी बारा बारा तास एका जागी उभी असते हो. आम्हाला जलद कशाला हवंय? साधा हळू सॉकेट द्या, पण प्रत्येकीला द्या.

---

रोहित्र

रात्रपाळी ताईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते आम्ही वीजवाले दहा बैठकांत पटवू शकत नाही. मी वितरणात होतो, आकडे देतो.

समजा ४० कर्मचाऱ्यांच्या गाड्या आहेत. प्रत्येकीला ७.४ किलोवॅटचा चार्जर (सिंगल फेज, ३२ अँपिअर). कागदावर भार झाला २९६ किलोवॅट. हा आकडा बघून व्यवस्थापन घाबरतं आणि म्हणतं, नको ४०, दोन जलद बसवा. पण गरज बघा. येण्याजाण्याचं अंतर रोज ४० किमी धरलं आणि किलोमीटरला ०.१५ युनिट, तर गाडीमागे ६ युनिट. ४० गाड्यांचे २४० युनिट, आठ तासांत. सरासरी ३० किलोवॅट!! २९६ कुठे आणि ३० कुठे. भार वाटून देणारी प्रणाली लावली की सगळे चार्जर मिळून ठरलेल्या मर्यादेच्या वर जातच नाहीत. कुणाचीही गाडी पाळी संपताना रिकामी नसते.

उलट, १५० किलोवॅटचे ८ चार्जर म्हणजे १,२०० किलोवॅट. एक हजार केव्हीएचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) त्यालाच अपुरं. आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी स्वतःच प्रवाह कमी करत जाते, म्हणजे १५० च्या गनला शेवटची पंधरावीस मिनिटं फार थोडं काम. महामार्गावर जलद चार्जर हवाच, तिथे माणसाला पुढे जायचं असतं. रुग्णालयात, कचेरीत, घराखाली, जिथे गाडी तशीही उभी राहणार आहे, तिथे हळू आणि पुष्कळ. सरकारी योजनांचं अनुदान किलोवॅटवर किंवा जलद चार्जरच्या संख्येवर दिलं की नेमकं उलटं घडतं.

आता रोहित्राची तब्येत, कारण नाव घेतलंय तर बाजूही घ्यायला हवी. 'रात्री मागणी कमी असते, रात्री चार्ज करा' असं सगळे म्हणतात. विजेच्या दृष्टीने बरोबर. पण वस्तीतलं रोहित्र दिवसा-संध्याकाळी तापतं आणि रात्री निवतं, त्या निवण्यावर त्याचं आयुष्य उभं असतं. आतल्या कागदी इन्सुलेशनचा सगळ्यात तापणारा भाग ९८ अंशांच्या वर गेला की दर ६ अंशांना झिजण्याचा वेग दुप्पट होतो, असा आंतरराष्ट्रीय मानकातला ठोकताळा आहे. रात्रभर गल्लीतल्या गाड्या लागल्या तर त्याला विश्रांतीच नाही. म्हणून गल्लीचं रोहित्र बदलायची योजना चार्जरच्या योजनेसोबतच हवी. दोन वेगळी खाती, दोन वेगळी अंदाजपत्रकं, आणि मग रोहित्र जळाल्यावर भेट.

स्वस्त दराची वेळ सुरू झाली की सगळ्या गाड्या एकाच ठोक्याला सुरू होतात, ही आणखी एक डोकेदुखी. ब्रिटनने घरगुती चार्जरसाठी केलेल्या नियमात यावर सोपा तोडगा आहे: प्रत्येक चार्जरने आपल्या मनाने दहा मिनिटांपर्यंतचा कितीही उशीर करायचा. ग्राहकाला कळतही नाही, ग्रिडला धक्का बसत नाही.

---

तिरकस

म्हणजे यंत्राला सक्तीने लेटलतीफ केलं. सरकारी खात्याचा अनुभव कुठेतरी कामी आला.

---

शंकेखोर

बॅटऱ्या एवढ्या आहेत तर उलट करा ना. वीज गेली की वाहनतळातल्या गाड्यांवर रुग्णालय चालवा. जनरेटरचा धूर नको. गाडीतून वीज परत देण्याचं तंत्रज्ञान आहे म्हणतात.

---

रोहित्र

तंत्रज्ञान आहे. जपानमध्ये २०११च्या भूकंपानंतर गाडीवर घर चालवायची यंत्रं बाजारात आली. छोट्या आरोग्य केंद्रात लशींचा फ्रिज दिवसाला एक-दोन युनिट खात असेल तर चाळीस युनिटांची बॅटरी त्याला आठवड्यांवर धरून ठेवेल. तिथे मी हो म्हणेन.

शस्त्रक्रियागृहाला नाही म्हणेन. वैद्यकीय जागांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टेबलावरचा दिवा जास्तीत जास्त अर्ध्या सेकंदात परत लागला पाहिजे, सुरक्षेच्या इतर बऱ्याच गोष्टी १५ सेकंदांत. त्याला स्वतःची, कुणीही घरी घेऊन न जाणारी बॅटरी लागते. पाळी संपली की रात्रपाळी ताई गाडी घेऊन जाणार. त्यांना 'थांबा, आत पित्ताशय चाललंय' म्हणणार का?

---

रात्रपाळी

म्हणालात तरी थांबणार नाही 🙂

---

जलसाक्षर

जागेच्या चर्चेत पाणी अजून आलं नाही, म्हणून मी येतो.

ऑक्टोबर २०१२, न्यूयॉर्क, सँडी वादळ. बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर वर, तेराव्या मजल्यावर सुरक्षित. पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात. तळघर बुडालं. माणसांनी साखळी करून जिन्यावरून डिझेल हातोहात वर नेलं, आणि तरी शेवटी रुग्णालय रिकामं करावं लागलं. जवळच्याच एनवाययू लँगोनमधून त्या रात्री तीनशेहून जास्त रुग्ण हलवले, त्यात नवजात अतिदक्षतेतली बाळंही होती. त्याआधी २००५ साली न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल रुग्णालयात हीच कथा: जनरेटरची जागा ठीक, पण वीज इकडून तिकडे वळवणाऱ्या स्विचचा काही भाग खालच्या मजल्यांवर.

म्हणजे 'रुग्णालय पूररेषेबाहेर आहे का' एवढं विचारून भागत नाही. त्याला वीज देणारं उपकेंद्र पूररेषेबाहेर आहे का? तिथवरचा रस्ता? पूल? दोन फीडर (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिन्या) दिलेत म्हणतात, पण दोन्ही एकाच उपकेंद्रातून आणि एकाच चरातून येत असतील तर एक जेसीबी दोघांना एकदम तोडतो. चार्जरना हेच लागू. वादळाआधी गाव रिकामं करायचं तर शेकडो गाड्या एकाच दिवशी चार्जरवर येणार, आणि ते चार्जर सखल भागात, कारण मोकळी सरकारी जमीन सहसा तिथेच शिल्लक असते.

---

नकाशावाचक

@जलसाक्षर, शेवटचं वाक्य कोरून ठेवावं असं. चांगली जमीन आधी विकली जाते, उरलेल्या जमिनीवर आरक्षण पडतं. रुग्णालयाचा ठिपका तिथे पडण्याचं कारण आरोग्य नसतं, सातबाऱ्यावरचं नाव असतं.

एकाच धाग्यात दोन्ही विषय घेण्याचं खरं कारण आता लिहितो, सुरुवातीला लिहायला धजावलो नव्हतो.

दोन्हींच्या घड्याळांचा मेळ नाही. चार्जर काही आठवड्यांत बसतो आणि दहाएक वर्षांत जुना होतो. उपकेंद्राला जागा, परवानगी, केबल धरून काही वर्षं लागतात. रुग्णालयाला विचारापासून पहिल्या रुग्णापर्यंत दशक सहज जातं, आणि ते पन्नास-साठ वर्षं वापरात राहतं. ब्रिटनचंच बघा. २०२० मध्ये '२०३० पर्यंत ४० नवी रुग्णालयं' अशी घोषणा झाली. २०२३ मध्ये त्यांच्या महालेखापरीक्षकांनी सांगितलं की हे जमणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवं वेळापत्रक आलं, त्यात काही रुग्णालयांचं बांधकाम सुरू व्हायलाच २०३० च्या दशकाची अखेर उजाडणार. तोवर गाड्यांचं चित्र काय होईल? नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांतल्या जवळजवळ ८९ टक्के बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. आज जे रुग्णालय आखलं जातंय ते उघडेल तेव्हा वाहनतळातल्या बहुतेक गाड्यांना सॉकेट लागलेलं असू शकतं. आणि आराखड्यात काय असतं? 'चार्जिंग सुविधा: ४ नग.'

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की रुग्णालयाची जागा ठरवताना विजेचा माणूस टेबलावर हवा. जमीन ताब्यात आल्यावर बोलावून उपयोग नाही. दोन निराळ्या उपकेंद्रांतून वीज येईल अशा जागा मुळात थोड्या असतात. तशी जागा सापडली तर आसपासच्या वस्तीचं चार्जिंगही तिथल्या रोहित्राजवळ, पण रुग्णालयाच्या कुंपणाबाहेर करता येईल. एका खोदकामात दोन कामं.

---

शंकेखोर

आणि भार वाढला की? पाहुण्यांच्या गाड्या भरताना आत एमआरआय बंद पडायचं.

---

रोहित्र

उलट. चार्जिंग हा तोडता येणारा भार आहे, हेच त्याचं मोठेपण. एक फीडर गेला तर चार्जिंग आपोआप शून्यावर यायला हवं, सगळी वीज आत. गाडी अर्धा तास उशिरा भरली तर कुणी दगावत नाही. मात्र हे करारात आणि वायरिंगमध्ये दोन्हीकडे हवं. चार्जिंगचा ठेका बाहेरच्याला देताना 'अखंड पुरवठा' असा शब्द घुसला की गेलं. आणखी दोन: चार्जिंगचं रोहित्र वेगळं ठेवा, कारण स्वस्त जलद चार्जरच्या रेक्टिफायरमधून (एसीची डीसी वीज करणारा भाग) हार्मोनिक्स, म्हणजे विजेच्या लहरीतली विकृती, येतात आणि ते आतल्या यंत्रांच्या वाट्याला नकोत. आणि चार्जिंगची जागा द्रव ऑक्सिजनच्या टाकीपासून आणि अपघात विभागाच्या दारापासून लांब. विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी वेळा पेटते, पण पेटली की विझवायला फार पाणी लागतं आणि विझलेली पुन्हा धुमसते.

---

निमवैद्य

सगळे चार्जर-चार्जर करताय, मी रुग्णाच्या बाजूने जरा खडा टाकतो.

मिल्टन रोमर या अमेरिकन अभ्यासकाचं १९५९ सालचं निरीक्षण: विमा असला की बांधलेली खाट भरतेच. म्हणजे खाटा भरल्या यावरून गरज होती हे सिद्ध होत नाही. आणि ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे जास्त गरजेची तिथेच ती कमी मिळते. दोन्ही एकत्र वाचा. मागणी बघून जागा ठरवली तर जिथे आधीच रुग्णालय आहे तिथेच दुसरं उभं राहतं, कारण मागणी दिसते ती तिथेच. जिथे काहीच नाही तिथली मागणी नोंदवायला खिडकीच नाही.

चार्जरचंही तेच होतंय. गाड्या जिथे नोंदलेल्या तिथे चार्जर. ज्याच्याकडे घराखाली स्वतःचा सॉकेट नाही तो गाडीच घेत नाही, म्हणून त्याच्या वस्तीत 'मागणी नाही'. युरोपचं १.३ किलोवॅटचं माप धागाकर्त्यांना आवडलं, ते ठीक. पण देशभराची बेरीज धरून ते पाळता येतं. श्रीमंत उपनगरात सगळं रचलं तरी हिशेब जुळतो.

---

नकाशावाचक

@निमवैद्य, मान्य. मी ते माप जरा प्रेमाने वाचलं. अंतराचा नियम आणि क्षमतेचा नियम दोन्ही लागतात, एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

चालू असण्याबद्दल एक राहिलं. अमेरिकेच्या त्याच योजनेत २०२३च्या मानकांनुसार प्रत्येक गन वर्षाला ९७ टक्क्यांहून जास्त वेळ चालू हवी. उरलेले ३ टक्के म्हणजे वर्षाचे जवळजवळ अकरा दिवस. शिवाय वीज कंपनीकडून पुरवठा गेला, कुणी मोडतोड केली, तर तो वेळ धरत नाहीत. महामार्गावर अडकलेल्या माणसाला मात्र कारणांचं वर्गीकरण करून काय मिळणार? तरी निदान मोजतात तरी. 'शस्त्रक्रियागृह वर्षातले किती दिवस भूलतज्ज्ञासह चालू होतं' असा रकाना मी एकाही जागानिश्चितीच्या अहवालात पाहिला नाही.

---

रात्रपाळी

असला तर आम्हीच भरणार तो रकाना, रात्री तीन वाजता.

एक सांगायचं राहिलं. विजेची रुग्णवाहिका आणायचं चाललंय म्हणतात. चालकांशी बोलून आणा. ती उभी असतानाही आत एसी, मॉनिटर, सक्शन चालू असतं, नुसत्या किलोमीटरवर हिशेब धरू नका. आणि तिचा चार्जर आम्हाला किंवा पाहुण्यांना लावता येऊ नये अशा जागी हवा, नाहीतर 'पाचच मिनिटं' म्हणून कुणीतरी लावतंच.

---

नवखा

मूक वाचक, पहिलाच प्रतिसाद. आमच्या सहकारी संस्थेचं छोटं रुग्णालय बांधायचं घाटतंय. आज चाळीस चार्जरचे पैसे नाहीत. मग आत्ता काय करावं म्हणजे पुढे पश्चात्ताप होणार नाही?

---

रोहित्र

चार्जर आज घेऊच नका, पाचसहा पुरेत. पैसे जमिनीखाली घाला. वाहनतळाची फरशी घालण्याआधी प्रत्येक ओळीपर्यंत रिकामे पाइप टाकून ठेवा, पॅनेलच्या खोलीत भिंत मोकळी सोडा, आणि दुसऱ्या रोहित्राचा चौथरा आत्ताच बांधून ठेवा. काँक्रीट फोडून पाइप टाकायचा खर्च नंतर चार्जरपेक्षा जास्त येतो.

---

नवखा

किती पाइप टाकायचे?

---

रोहित्र

हिशेबाने येतील त्यापेक्षा दोन जास्त. प्रत्येकात दोरी ओवून ठेवा, नाहीतर पाच वर्षांनी केबल ओढताना बसाल पाइपात फुंकर मारत. आणि कुठला पाइप कुठे निघतो त्याचा नकाशा पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.

---

जलसाक्षर

दोरी नायलॉनची. तार घातलीत तर गंजून तुटते. आणि पाइपांची तोंडं बंद करा, पहिल्याच पावसात पाण्याबरोबर उंदीरही आत जातात.